फांद आणि फंदी: आसामातल्या मेला शिकारीची पार्श्वभूमी

‘नसत्या फंदात पडू नकोस’ असं आपण सहज बोलून जातो. त्याच कुळातला शब्द आसामात अजून दोराला धरून आहे. तिथे ‘फांद’ म्हणजे फास, आणि पाळीव हत्तीवर बसून रानटी हत्तीच्या गळ्यात तो टाकणारा ‘फंदी’. या पद्धतीला मेला शिकार म्हणतात.

हत्ती धरण्याची विद्या आपल्याकडे जुनी. हत्ती उन्हाळ्यात धरावा, वीस वर्षांचा धरावा, असं कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सांगितलं आहे. कुठे खड्डे खणत, कुठे हाकारे घालून अख्खा कळप लाकडी कुंपणात कोंडत. या दुसऱ्या पद्धतीचं नाव खेडा. कर्नाटकात काकनकोटच्या जंगलातला शेवटचा खेडा १९७१ साली झाला. त्यात पिल्लं, गाभण माद्या, म्हातारी जनावरं सगळीच अडकत, कितीतरी जखमी होऊन मरत. मेला शिकारीत नेमकं एक जनावर हेरलं जाई, बहुधा कोवळ्या वयाचं. म्हणून मला फंदीचं कसब फार मोठं वाटतं.

तागाच्या जाड दोराचं एक टोक कुनकी म्हणजे शिकवलेल्या हत्तीच्या अंगाभोवतीच्या पट्ट्याला बांधलेलं असे. मानेवर फंदी, मागे हत्तीला पिटाळणारा जोडीदार. हेरलेल्या हत्तीला गाठून त्याच्या बरोबरीने धावायचं आणि फास डोक्यावरून फेकायचा. दोर कपाळाला लागला की हत्ती सोंड आत वळवतो. तेवढ्यात फास खाली घसरून गळ्यात बसतो. त्याने सोंडेने दोर उडवून लावला, की सगळी धाव वाया. मग दुसऱ्या कुनकीवरून दुसरा फास. गळा आवळून जनावर गुदमरू नये म्हणून फासाला लगेच अडगाठ मारायची, तीही झुंजणाऱ्या हत्तीला खेटून.

या विद्येचं मोठं घर म्हणजे आसामातल्या गौरीपूरचं बरुआ घराणं. प्रकृतीशचंद्र बरुआ, सगळ्यांचे लालजी, यांच्याकडून त्यांची मुलगी पार्वती फास टाकायला शिकली. २०२४ साली तिला पद्मश्री मिळाली. पार्वतीची बहीण प्रतिमा बरुआ पांडे हिने माहूत-फंद्यांची गोआलपारिया, म्हणजे गोआलपारा भागातली लोकगाणी देशभर पोचवली. धरलेला हत्ती माणसाळवतानाही ही माणसं गातच असत.

१९७७ साली हत्ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत गेला आणि या धंद्याचे दिवस भरले. ते योग्यच झालं. जंगलं आटत असताना हत्ती धरत राहणं परवडणारं नव्हतं. पण शिकलेल्या हत्तींची आणि माहुतांची गरज संपली नाही. २०१५ साली सिंधुदुर्गातल्या माणगाव खोऱ्यात रानटी हत्ती पकडायचे ठरले, तेव्हा कर्नाटकातून कुमकी, म्हणजे असेच शिकवलेले हत्ती आणावे लागले. भुलीचं इंजेक्शन लागलं, तरी अर्धवट शुद्धीतल्या हत्तीला आवरायला दोर आणि दोन्ही बाजूंना पाळीव हत्तीच लागतात.