रिच्चारेल्ली

रिच्चारेल्ली म्हणजे इटलीतल्या तोस्काना प्रांतात सिएना नावाचं जुनं शहर आहे, तिथली नाताळात हमखास असणारी बदामाची मऊ बिस्किटं. एक असेल तर रिच्चारेल्लो म्हणायचं, पण एकावर थांबतं कोण. बिस्किट हा शब्दही नाइलाजाने वापरलाय, कारण यात मैदा नाही, लोणी नाही आणि कुरकुरीतपणाशी तर काही संबंधच नाही, वर पिठीसाखरेची तडकलेली पांढरी साल आणि आत काजूकतली आणि ओलसर केक यांच्या मधलं काहीतरी. आकार मोठ्या लांबट शंकरपाळ्यासारखा, फक्त कोपरे गोल केलेले.

नावाची गोष्ट सिएनात सगळे सांगतात ती अशी, की रिच्चार्देत्तो देल्ला गेरार्देस्का नावाचा सरदार धर्मयुद्धाहून परत आला आणि त्याने तिकडच्या सुलतानाच्या चोचदार बुटांसारखी ही मिठाई करायला लावली. ही दंतकथाच आहे, पण बदाम-साखर एकत्र कुटायची पद्धत भूमध्य समुद्रापलीकडून, अरबांकडून युरोपात गेली हे मात्र खरं, तेव्हा गोष्टीत तेवढा अर्थ आहे. त्याआधीचं नाव मार्झापानेत्ती, म्हणजे छोटे मार्झिपान (मार्झिपान म्हणजे बदाम-साखरेच्या लगद्याची मिठाई). पूर्वी ही मिठाई हलवायाकडे नाही तर औषधी विकणाऱ्या गांध्याच्या दुकानात मिळायची, कारण साखर आणि मसाले तेव्हा महाग आणि ते त्याच्याकडेच. सिएनाचा दुसरा प्रसिद्ध पदार्थ पानफोर्ते, म्हणजे सुकामेवा-मसाल्यांची घट्ट चपटी वडी, तोही याच दुकानांतला. २०१० साली युरोपियन युनियनने रिच्चारेल्लींना भौगोलिक संरक्षण दिलं, आपल्या हापूसला जीआय आहे ना, तसंच.

साहित्य म्हणाल तर बदाम, साखर आणि अंड्याचा पांढरा, बास. घरगुती प्रमाण साधारण २०० ग्रॅम सोललेले बदाम, तेवढीच साखर आणि दोन अंड्यांचा पांढरा, शिवाय वासापुरती संत्र्याची किसलेली साल, व्हॅनिला आणि चिमूटभर बेकरीवाले बिस्किटात घालतात तो अमोनिया (अमोनियम बायकार्बोनेट) किंवा बेकिंग पावडर. पारंपरिक कृतीत थोडे कडू बदामही असतात आणि तो खास वास त्यांचाच, पण कडू बदामातून सायनाइड तयार होतं म्हणून घरी आता बरेचजण थेंबभर इसेन्सवर भागवतात आणि तेच शहाणपणाचं.

खरी गंमत करण्यात आहे. बदाम उकळत्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं ठेवले की साल बोटाने निसटते, मग ते पूर्ण कोरडे करायचे आणि मिक्सरमध्ये थोडी साखर घालूनच थांबत थांबत फिरवायचे, सलग फिरवलं तर तेल सुटतं आणि पिठाऐवजी लोणी हातात येतं (काजूकतली करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको). अंड्याचा पांढरा हलकाच फेटून त्यात मिसळला की चिकट गोळा होतो आणि तो लगेच वळायला गेलात तर बोटांनाच चिकटतो, म्हणून रात्रभर झाकून ठेवायचा, तेवढ्यात साखर विरघळते, बदाम ओल शोषतात आणि गोळा घट्ट होतो. घाईवाल्यांचं घोडं नेमकं इथे अडतं. दुसऱ्या दिवशी पिठीसाखर भुरभुरून लांब वळी करायची, तिरके तुकडे कापायचे, हाताने चपटे करायचे, वर आणखी पिठीसाखर. जुन्या पद्धतीत खाली ऑस्तिया लावतात, म्हणजे चर्चमध्ये मिसाच्या वेळी देतात तसली पापडी, आता बेकिंग पेपर चालतो.

ओव्हन १५० अंशाच्या आसपास आणि वेळ पंधरा ते अठरा मिनिटं. वरची साल आधी सुकते आणि आतला गोळा फुगतो म्हणून ती तडकते, त्या भेगा हव्याच. रंग बदलता कामा नये, पांढरी राहिली पाहिजेत. बाहेर काढल्यावर बोट लावलं तर कच्ची वाटतात आणि पहिल्यांदा करणारा हमखास अजून पाच मिनिटं ठेवतो आणि मग दगड होतात. गार झाली की आपोआप बसतात. सिएनात ती गोड वाइनबरोबर खातात.

इटलीत बदामाची बाकी बिस्किटंही पुष्कळ आहेत. आमारेत्ती याच घराण्यातले, नावच कडूवरून आलेलं, आणि कांतुच्ची म्हणजे अख्खे बदाम घातलेले दोनदा भाजलेले कडक तुकडे, ते वाइनमध्ये बुडवल्याशिवाय दाताला झेपत नाहीत. सिसिलीत तर बदामाच्या लगद्याची हुबेहूब फळं करतात, ती सर्वपितरांच्या दिवशी, म्हणजे २ नोव्हेंबरला.

मार्झिपानच्या या घराण्यातली एक शाखा पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडेही आली. गोव्यात आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत सणाला मार्झिपान होतं, फक्त तिथे बदामाच्या जागी बरेचदा काजू असतो, गुलाबपाणी पडतं, आणि ते ओव्हनमध्ये न जाता कढईत घोटून साच्यात दाबलं जातं. अंड्याचा पांढरा तोच. दोन्हीकडे उरतात ते पिवळे बलक, त्यांचं मग सकाळी ऑम्लेट.