पार्श्वभूमी : बर्लिनमधला दुसरा टप्पा

ब्रिटिश धावपटू गॉडफ्रे रॅम्पलिंग २० जून २००९ रोजी गेले. शंभरी पूर्ण होऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते आणि ब्रिटनच्या हयात ऑलिंपिक सुवर्णविजेत्यांत ते सर्वांत वयोवृद्ध होते. जन्म लंडनच्या ब्लॅकहीथचा. वुलिचच्या लष्करी अकादमीतून ते तोफखान्यात अधिकारी झाले. १९३२ मध्ये लॉस एंजेलिस ऑलिंपिकला ४ बाय ४०० रिलेचं (चौघांनी प्रत्येकी ४०० मीटर धावायची शर्यत) रौप्य, १९३४ च्या एम्पायर गेम्समध्ये (आजची राष्ट्रकुल स्पर्धा) ४४० यार्ड आणि रिले अशी दोन सुवर्णपदकं.

पण त्यांचं नाव निघतं ते ९ ऑगस्ट १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधल्या ४ बाय ४०० रिलेच्या अंतिम शर्यतीसाठी. पहिल्या धावपटूला ४९.२ सेकंद लागले आणि ब्रिटन मागे पडलं. रॅम्पलिंग यांनी आपला टप्पा ४६.७ सेकंदांत पूर्ण करून बॅटन दिलं, तेव्हा ब्रिटन पुढे होतं. तिसरा टप्पा ४६.४, चौथा ४६.७, एकूण ३ मिनिटं ९.० सेकंद आणि सुवर्ण. सर्वांत वेगवान टप्पा त्यांचा नव्हता, तरीही शर्यत फिरली ती त्यांच्याच टप्प्यात. (शेवटचा टप्पा धावलेला गडी जन्माने बंगालमधल्या बांकुड्याचा, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं.)

या सुवर्णावर आजही एक शंका घेतली जाते. वैयक्तिक ४०० मीटरमध्ये सुवर्ण आणि कांस्य अमेरिकेच्या दोन कृष्णवर्णीय धावपटूंनी जिंकलं होतं. रिलेत मात्र दोघांनाही उतरवलं नाही. रिलेसाठी वेगळे ठेवलेले चौघे गोरे धावपटू धावले आणि ३:११.० मध्ये दुसरे आले. त्याच दिवशी ४ बाय १०० मध्ये त्याच पथकाने नेमकं उलट केलं. तिथे ठरलेल्या दोन ज्यू धावपटूंना ऐनवेळी बसवलं आणि १०० मीटरचे सुवर्ण व रौप्यविजेते घेतले. एका रिलेत सर्वोत्तमांचा आग्रह, दुसऱ्या रिलेत सर्वोत्तम बाहेर. या दोन निर्णयांना एकच क्रीडानियम लावता येत नाही, आणि वंशाचा प्रश्न बाजूला ठेवून त्यांचा अर्थ लागतो असं मला वाटत नाही.

ते दोघे धावले असते तर? वैयक्तिक अंतिम फेरीत त्यांनी ४६.५ आणि ४६.८ दिले होते, तेही जागेवरून सुटून. रिलेत दुसऱ्या टप्प्यापासून धावपटू पळत पळत बॅटन घेतो, त्यामुळे तिथली वेळ आणखी कमी भरते. दोन सेकंदांचा फरक सहज भरून निघाला असता, हे मान्य करायला हवं. पण अमेरिकेच्या निवडीचा हिशेब रॅम्पलिंग यांच्या नावावर मांडणं मला अन्यायाचं वाटतं. मागे पडलेलं बॅटन हाती आलं आणि त्यांनी ते पुढे नेऊन दिलं. त्यांच्या हातात होतं ते एवढंच.

पुढे महायुद्ध, फ्रान्समधली नेमणूक, १९५८ मध्ये निवृत्ती. मुलगी शार्लट युरोपातली मोठी अभिनेत्री झाली आणि अनेकांना हे आडनाव तिच्यामुळेच कळलं.

ब्रिटनच्या पुरुषांना या रिलेचं ऑलिंपिक सुवर्ण त्यानंतर मिळालेलं नाही. जागतिक स्पर्धेत १९९१ मध्ये टोकियोला त्यांनी अमेरिकेला सेकंदाच्या ०.०४ भागाने हरवलं. १९९७ चं सुवर्ण अमेरिकी संघातल्या एकाच्या उत्तेजक सेवनामुळे बऱ्याच वर्षांनी त्यांच्याकडे आलं. बर्लिनच्या चौघांपैकी एक जण १९८८ मध्ये, आणखी एक १९९५ मध्ये गेला. डिसेंबर २००१ मध्ये तिसराही गेला आणि पुढची साडेसात वर्षं त्या संघातले एकटे रॅम्पलिंग उरले होते.