वादळातले प्रोटॉन : अरोरापासून ओझोनपर्यंत

अरोराच्या, म्हणजे ध्रुवांजवळच्या आकाशात उमटणाऱ्या रंगीत प्रकाशाच्या, वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा आहेत, हे नॉर्वेच्या लार्स वेगार्ड यांनी 1939 साली दाखवलं. अरोराचे आद्य अभ्यासक क्रिस्टियान बिर्केलांड यांच्या काळापासून सगळा भर इलेक्ट्रॉनांवर होता, आणि अरोराचे झळाळते पडदे खरोखरच त्यांच्यामुळे उजळतात. मग हा हायड्रोजन कुठला? ऑगस्ट 1950 मध्ये अमेरिकेतल्या यर्क्स वेधशाळेत एडन माइनेल यांनी हायड्रोजनची रेषा जांभळ्या टोकाकडे सरकलेली पाहिली. म्हणजे प्रकाश देणारे अणू सेकंदाला सुमारे 3300 किलोमीटरपर्यंतच्या वेगाने खाली येत होते. प्रोटॉन बाहेरून वातावरणात शिरतात, याचा हा पहिला थेट पुरावा. माझ्या मते या विषयाची खरी सुरुवात इथूनच होते.

खाली येणारा प्रोटॉन हवेतला एक इलेक्ट्रॉन हिसकावून हायड्रोजनचा अणू बनतो. विद्युतभार गेला की चुंबकीय क्षेत्राची पकडही सुटते आणि तो भलतीकडे निघतो. पुढच्या एखाद्या टकरीत पुन्हा प्रोटॉन होतो. म्हणून प्रोटॉनांचा अरोरा फिकट आणि पसरट दिसतो. याच अदलाबदलीमुळे चुंबकीय वादळात, म्हणजे सूर्यामुळे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळून निघतं तेव्हा, वलय प्रवाहातले (पृथ्वीभोवती फिरणाऱ्या विद्युतभारित कणांच्या कड्यातले) काही प्रोटॉन उदासीन अणू होऊन थेट विषुववृत्तावरच्या वातावरणापर्यंत पोहोचतात. 1969 मध्ये सोडलेल्या जर्मनीच्या आझूर उपग्रहाला तिथे कमी उंचीवर प्रोटॉन सापडले, त्यांचं कोडं असं सुटलं.

वलय प्रवाहातले प्रोटॉन साधारण शंभर किलोमीटरच्या वरच थांबतात. सौर उद्रेकातले त्याहून कितीतरी ऊर्जावान असतात, ते 30 ते 80 किलोमीटरपर्यंत उतरतात. एरवी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्यांना फक्त ध्रुवांजवळच आत येऊ देतं. वादळात ही वेस विषुववृत्ताच्या दिशेने सरकते. फेब्रुवारी 1956 च्या मोठ्या सौर उद्रेकात ध्रुवीय भागातले रेडिओ संकेत शोषले गेले. संशोधक डेना बेली यांनी त्याचं कारण या प्रोटॉनांत शोधलं, आणि कित्येक वर्षं या विषयाकडे दळणवळणाची अडचण म्हणूनच पाहिलं गेलं.

रसायनशास्त्र नंतर आलं. नोव्हेंबर 1969 च्या अशाच घटनेत अग्निबाणांनी मध्यांबरातला (स्थितांबराच्या वरच्या थरातला) ओझोन घटल्याचं मोजलं. प्रोटॉनांमुळे नायट्रोजनचे रेणू फुटून नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि तो ओझोन खातो, हे गणित पॉल क्रुटझन, इवार इसाक्सेन आणि जॉर्ज रीड यांनी 1975 मध्ये मांडलं. पडताळ्यासाठी लागणारी मोजमापं निंबस-4 उपग्रहाने आधीच घेतलेली होती: ऑगस्ट 1972 च्या प्रचंड सौर उद्रेकानंतर ध्रुवीय स्थितांबरातला (ओझोनचा मुख्य साठा असलेल्या थरातला) ओझोन कमी झाला होता. ते निष्कर्ष 1977 मध्ये प्रसिद्ध झाले. भाकीत आणि जुन्या नोंदी इतक्या नेमक्या जुळाव्यात, हे मला आजही विलक्षण वाटतं.

प्रोटॉनांमुळे ओझोन खाणारी हायड्रोजनची संयुगंही तयार होतात, पण त्यांच्यामुळे झालेली घट लवकर भरून निघते. नायट्रोजनची ऑक्साइडं मात्र ध्रुवीय रात्रीच्या अंधारात महिनोन्‌महिने टिकतात आणि हळूहळू खाली झिरपतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर 2003 च्या वादळांत एन्व्हिसॅट उपग्रहाने अशा घटनेतले बदल बारकाईने टिपले. 2017 पासून हवामानाच्या जागतिक प्रतिमानांसाठी सुचवलेल्या सौर परिणामांच्या माहितीत प्रोटॉनांचा हा वर्षावही धरलेला आहे.