माहितीपटाच्या कॅमेऱ्याला राष्ट्रीय पुरस्कार नसतो?

‘छायांकनाचा राष्ट्रीय पुरस्कार फक्त कथापटांना; माहितीपटात समोर दिसेल ते टिपायचं, त्यात कसली कला?’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो. गैरसमज होणं स्वाभाविक आहे, कारण बातम्यांत झळकतात ते कथापटांचेच पुरस्कार.

वस्तुस्थिती अशी. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार 1954 मध्ये सुरू झाले, आणि पहिल्याच वर्षी कथापटाबरोबर माहितीपटालाही राष्ट्रपतींचं सुवर्णपदक होतं. पुढे नॉन-फीचर, म्हणजे पूर्ण लांबीच्या कथापटांखेरीजच्या चित्रपटांचा, स्वतंत्र विभाग झाला. त्याचं परीक्षक मंडळ वेगळं, आणि उत्कृष्ट छायांकनाचं रजत कमळ पदकही वेगळं. मात्र हा पुरस्कार निव्वळ माहितीपटांचा आहे, असंही म्हणता येणार नाही. नॉन-फीचर विभागात कथा सांगणारे लघुपटही येतात.

पडताळणी सोपी आहे. अलीकडच्या कुठल्याही एका वर्षाची विजेत्यांची पूर्ण अधिकृत यादी उघडा, कथापटांची पानं ओलांडून पुढे जा आणि नॉन-फीचरखाली छायांकनाची नोंद शोधा. बातमीतल्या संक्षिप्त यादीवर विसंबू नका, हा विभाग तिथे बहुतेक वेळा गळतो.

राहिला कलेचा प्रश्न. कथापटात प्रकाश बेतता येतो, नट तोच प्रसंग पुन्हा करतो. माहितीपटात माणूस एकदाच रडतो, पक्षी एकदाच झेपावतो. चौकट, फोकस, एक्स्पोजर, कुठे उभं राहायचं आणि कधी मागे सरायचं, हे सगळं त्याच क्षणी ठरवावं लागतं. माझ्या मते छायांकनातली ही सर्वांत अवघड परीक्षा आहे.