तोंडातला लायकन प्लानस

गालाच्या आत पांढऱ्या रेघांची बारीक जाळी, क्रोशाने विणल्यासारखी, आणि बहुतेक वेळा दोन्ही गालांना, तो हा आजार. उष्ट्याने लागत नाही, जंतूंचा नाहीच, आपल्याच टी-पेशी (शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) तोंडाच्या अस्तराच्या तळच्या थरावर तुटून पडतात. नाव दिलं इरॅस्मस विल्सन या इंग्लिश त्वचारोगतज्ज्ञाने 1869 ला, आणि रेघांना विकहॅमच्या रेघा म्हणतात. शंभरात एखाद-दोघांना होतो, बायकांना जास्त, बहुतेक चाळिशीनंतर.

नुसती जाळी असली तर कळतही नाही, दाढ काढायला गेलं की डॉक्टरला दिसते. पण लाल, सोललेला प्रकार असला तर इंदूरात राहणं अवघड, पोह्यावरचा जिरावण मसालासुद्धा झोंबतो, शेव तर टोचते आणि वर जळजळते. घरचे म्हणणार तोंड आलंय, बी-कॉम्प्लेक्स घे, आणि त्यातच महिने जातात.

आता खरा घोळ. आपल्याकडे तोंडात पांढरं दिसलं की आधी विचारतात, सुपारी खाता का? (गुटखा 2012 पासून बंद आहे म्हणे, तरी पान मसाला आणि तंबाखूच्या दोन पुड्या एकत्र करणारे कोपऱ्याकोपऱ्यावर दिसतात.) सुपारीचा आजार म्हणजे सबम्युकस फायब्रोसिस, त्यात गालात टणक पट्टे हाताला लागतात आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं, लायकनमध्ये सहसा तसं होत नाही. कॅन्डिडा म्हणजे तोंडातली बुरशी, तिचा पांढरा थर पुसला की निघतो, जाळी निघत नाही. ल्युकोप्लाकियाचा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणारा पांढरा चट्टा बहुधा एकाच जागी असतो. जुन्या चांदीच्या फिलिंगला टेकूनच तेवढी जाळी असेल तर दोष फिलिंगचा असू शकतो, बीपीच्या काही गोळ्यांनीही अशीच जाळी येते. हिरड्या लाल होऊन सोलत असतील तर पेम्फिगस, पेम्फिगॉइड हे फोडांचे आजारही तसेच दिसतात, तिथे नजरेने सांगणारा डॉक्टर कितीही मोठा असो, बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी, करावीच. हेपटायटिस सी या यकृताच्या विषाणूशीही संबंध सापडलाय, म्हणून कधी ती रक्ततपासणी सांगतात. लायकन असलेल्या शंभरात साधारण एकाला पुढे तोंडाचा कॅन्सर होतो, म्हणून वर्षातून एक-दोनदा दाखवत राहायचं, जाळी शांत असली तरी.

मुळापासून जात नाही, दबून राहतो. ट्रायअ‍ॅमसिनोलोनची पेस्ट नाहीतर क्लोबेटासोलचं जेल देतात, दोन्ही स्टिरॉइडंच, आणि गंमत म्हणजे त्याच स्टिरॉइडने कॅन्डिडा उगवू शकतो. पेस्ट लावायच्या आधी गाल कापसाने टिपून घ्यायचा, नाहीतर लाळेत वाहून जाते, आणि लावल्यावर अर्धा तास चहासुद्धा नाही.