मोठे खेळ, आपलं कॉर्पोरेशन आणि गल्लीतली पोरं : थोडी पार्श्वभूमी

२६ नोव्हेंबर २०२५ ला ग्लासगोच्या सभेत पक्कं झालं की २०३० चे कॉमनवेल्थ गेम्स अहमदाबादला होणार, आणि त्या दिवसापासून आमच्या दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, संध्याकाळी ओट्यावर बसलेल्या काका मंडळींत सारखी एकच चर्चा, की अहमदाबादला मिळालं, बडोद्याला काय? एक्सप्रेसवे फक्त ९३ किलोमीटर, म्हणजे हॉटेलं भरतील, गाड्या धावतील, एखाद्या खेळाची मॅच इकडेही होईल वगैरे. मला यात राहून राहून वाटतं की आपण मॅच कुठे होईल एवढंच बोलतोय, मॅच संपल्यावर मैदानाची किल्ली कोणाकडे राहणार हे कोणी विचारतच नाही. आणि जगभरात गेल्या तीसेक वर्षांत जिथे जिथे साध्या माणसाला खेळांतून काही मिळालं तिथे त्या किल्लीचा निर्णय आधी झाला होता, तो पण बहुतेक वेळा स्थानिक नगरपालिकेनं भांडून करून घेतलेला. म्हणून हे जरा मागून सांगतो.

आधी आपल्याकडची गंमत नाही तर अडचण म्हणू. आपल्या घटनेत खेळ हा विषय राज्यांच्या यादीत आहे, ३३ व्या नोंदीत, नाटक-सिनेमा-करमणुकीच्या जोडीला. म्हणजे स्पर्धा आणणं, स्टेडियम बांधणं हे राज्य सरकार, त्यांचं क्रीडा प्राधिकरण नाहीतर खेळाच्या संघटना करतात. पण १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती झाली तेव्हा बारावी अनुसूची आली, त्यात शहरांच्या १८ कामांची यादी आहे आणि बागा, उद्यानं, खेळाची मैदानं हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. थोडक्यात स्पर्धा वरून येते, पण मैदान, पाणी, ड्रेनेज, रस्ता, कचरा, दिवे हे सगळं खंडेराव मार्केटमध्ये बसणाऱ्या कॉर्पोरेशनच्या गळ्यात. पाहुणे दुसऱ्याचे आणि भांडी आपण घासायची असा प्रकार, आणि म्हणून ज्या टेबलावर करार होतात तिथे नगरपालिकेची खुर्ची आधीपासून हवी.

बडोद्याला मोठा खेळ-तमाशा भरवणं काही नवीन नाही. १८७५ च्या नोव्हेंबरमध्ये प्रिन्स ऑफ वेल्स आला होता, पुढे सातवा एडवर्ड झाला तो, तेव्हा त्याच्यासाठी हत्तींच्या आणि इतर जनावरांच्या झुंजी लावल्या होत्या. सयाजीराव त्या वेळी १२ वर्षांचे, कवळाण्याहून येऊन दत्तक जाऊन जेमतेम सहा महिने झालेले. पाहुणा आला, बघून गेला, आणि शहराच्या हातात सांगायच्या गोष्टी सोडून काही उरलं नाही. चारच वर्षांनी, १८७९ मध्ये, कमाटीबाग झाली, आणि ती आजही आहे, आजही सकाळी साडेपाचला तिथे निम्मं बडोदं चालायला येतं, पोरं धावतात, म्हातारे हास्यक्लब करतात. मला हे दोन प्रसंग नेहमी शेजारी ठेवून बघावेसे वाटतात.

आणि तिसरी गोष्ट जुम्मादादांच्या आखाड्याची. जुम्मादादा मुसलमान उस्ताद, त्यांनी आपली तालीम शिष्याच्या म्हणजे प्रोफेसर माणिकरावांच्या हाती दिली, आणि माणिकरावांनी तिथे मल्लखांब, लाठी, लेझीम, कुस्ती तर शिकवलीच पण शेकडो माणसांनी एकत्र करायच्या संघव्यायामाच्या हुकमांची भाषा आपली केली, इंग्रजी कवायतीच्या जागी. निखळलेले सांधे बसवायला लोक लांबून यायचे. माझे आजोबा तिथे जायचे, ते सांगायचे की दार पहाटे उघडायचं आणि कोण कुठला हे कोणी विचारायचं नाही. व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी काढले ते याच शहरातून. क्रिकेटचं तर बोलायलाच नको, १९४७ च्या रणजी फायनलला होळकर संघाविरुद्ध विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या विकेटला ५७७ केले, हजारे २८८, गुल महंमद ३१९, इंदूरकडच्या पाहुण्यांना अजून ते आठवत असणार. सांगायचं हे की इथे खेळ मुळात मोहल्ल्यातून वर आला, राजाश्रय होता पण दार गल्लीत उघडत होतं.

मग आता काय झालं? कॉर्पोरेशन १९५० मध्ये आली, शहर वाढलं, मोकळ्या जागा भरल्या. २०२२ च्या नॅशनल गेम्समध्ये, २९ सप्टेंबर ते १२ ऑक्टोबर, जिम्नॅस्टिक्स आपल्याकडे समाच्या इनडोअर संकुलात झालं, प्रणती नायकनं इथेच गोल्ड घेतलं. गुजरातला या स्पर्धा मिळाल्याचं जाहीर झालं जुलैमध्ये, म्हणजे तयारीला तीनेक महिनेच, आणि तेवढ्या वेळात राज्यानं ते निभावलं ही खरंच मोठी गोष्ट, पण एवढ्या घाईत नंतर काय करायचं याचा विचार करायला जगातल्या कुठल्याच शहराला वेळ मिळणार नाही. २०३० ला तसं नाही, चार वर्षं आहेत हातात. दुसरीकडे कोटंबीला क्रिकेट असोसिएशननं स्वतःचं नवीन स्टेडियम उभं केलं, डिसेंबर २०२४ मध्ये वेस्ट इंडिजच्या बायकांबरोबर भारताच्या वन-डे झाल्या, फेब्रुवारी २०२५ ला डब्ल्यूपीएलची सुरुवात तिथूनच, आणि ११ जानेवारी २०२६ ला न्यूझीलंडविरुद्ध पुरुषांची वन-डे. त्याआधी पुरुषांची वन-डे बडोद्यात झाली होती डिसेंबर २०१० मध्ये, योगायोगानं तीही न्यूझीलंडशीच. पंधरा वर्षं वाट बघितलेलं शहर, माणसं वेडी झाली तर नवल काय.

पण कोटंबी शहराबाहेर हालोल रोडवर आहे. तिथे स्थानिक संस्था म्हणजे ग्रामपंचायत. मॅचच्या दिवशी हजारो गाड्या त्या गावाच्या दारातून जातात, दुसऱ्या दिवशी ग्लास, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या तिथेच. पार्किंगचे पैसे, दुकानांचे गाळे, सफाईचं काम, यातलं काय आणि किती त्या गावाला मिळावं हे एका कागदावर लिहून घेता येतं, आणि ते लिहून घेण्याची उत्तम वेळ म्हणजे सगळ्यांना त्या गावाची गरज असते ती.

आता बाहेरचं सांगतो, कारण यात मँचेस्टर मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. त्या शहरानं १९९६ आणि २००० च्या ऑलिम्पिकसाठी अर्ज केला आणि दोन्ही वेळा हरलं. पण अर्जाच्या नादात त्यांनी सायकलिंगचा इनडोअर ट्रॅक बांधून घेतला, १९९४ मध्ये उघडला, आणि पुढे ब्रिटनचं सगळं सायकलिंग तिथूनच उभं राहिलं. स्पर्धा न मिळताही शहराला वस्तू मिळाली! मग २००२ चे कॉमनवेल्थ गेम्स मिळाले तेव्हा कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेनं, खेळ सुरू होण्याच्या कितीतरी आधी फुटबॉल क्लब मँचेस्टर सिटीशी ठरवून टाकलं, की खेळ संपले की मुख्य स्टेडियममधला धावण्याचा ट्रॅक उखडायचा, मैदान खाली खोदून आणखी खुर्च्या बसवायच्या आणि क्लबनं भाडेकरू म्हणून यायचं. २००३ मध्ये क्लब आला. मालकी कौन्सिलचीच राहिली, आणि क्लबच्या जुन्या मैदानाच्या क्षमतेपेक्षा जास्त तिकिटं खपली की वरच्या पैशातला वाटा कौन्सिलला, त्या पैशातून शेजारच्या तोट्यात चालणाऱ्या सोयी चालवायच्या, सायकल ट्रॅक, टेनिस, स्क्वॉश. म्हणजे श्रीमंत खेळानं गरीब खेळाला पोसायचं, कागदावर, सहीनिशी. २०११ मध्ये तो करार बदलून ठरावीक रकमेचा झाला, पण मूळ कल्पना तीच. आणखी एक, स्वयंसेवक. खेळांना दहा हजार स्वयंसेवक लागले, त्यासाठी आधी एक वेगळा कार्यक्रम काढला, ज्यांना नोकरी नव्हती, शिक्षण अर्धवट होतं अशा वस्त्यांतल्या लोकांना छोटा कोर्स आणि सर्टिफिकेट, मग खेळात काम. खेळ संपल्यावर ती यादी फेकून दिली नाही, शहराच्या पुढच्या कार्यक्रमांना तीच माणसं बोलावली. हे करायला सिमेंट लागत नाही हो, एक ऑफिस, चार माणसं आणि एक यादी लागते.

लंडन २०१२ च्या वेळी पूर्व भागातल्या पाच बरोंनी, म्हणजे लंडनमधल्या भागाभागाच्या पालिकांनी, न्यूहॅम, टॉवर हॅम्लेट्स, हॅकनी, वॉल्थम फॉरेस्ट आणि ग्रिनिच, २००९ मध्ये एकत्र बसून लिहून काढलं की वीस वर्षांत आमच्या भागातल्या माणसाला बाकीच्या लंडनकराइतकीच संधी मिळाली पाहिजे, नोकरी, शिक्षण, आरोग्य सगळ्यात. सगळं साधलं असं नाही, न्यूहॅमनं स्टेडियममध्ये घातलेले चार कोटी पौंड तर बुडाले, पण निदान मोजायला पट्टी होती.

ग्लासगो २०१४ : पूर्वेकडच्या डालमार्नॉकमध्ये खेळाडूंसाठी ७०० घरं, त्यातली ४०० नंतर स्वस्त भाड्यानं, ३०० विक्रीला, सोबत म्हाताऱ्यांसाठी १२० खाटांचं केअर होम, हे सगळं आधी ठरलेलं. त्याच वस्तीतून एका कुटुंबाला २०११ मध्ये सक्तीनं बाहेर काढलं हेही सांगायला हवं, कारण विकासाच्या फोटोत ते घर दिसत नाही. पण बघा, २०२३ च्या जुलैमध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं खर्च झेपत नाही म्हणून २०२६ च्या खेळांतून अंग काढलं, तेव्हा ग्लासगो पुढे येऊ शकलं, फक्त दहा खेळ, चार ठिकाणं, नवीन काही न बांधता. बारा वर्षांपूर्वीच्या जागा चालू हालतीत होत्या म्हणून.

बर्मिंगहॅमचं मिश्र आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनकडून २०१७ मध्ये काढून घेतलेले २०२२ चे खेळ त्यांच्याकडे आले, वेळ कमी. पेरी बारचं खेळाडूंचं गाव कोविडमुळे वेळेत झालंच नाही, खेळाडू दुसरीकडे राहिले, घरं तोट्यात विकावी लागली. सप्टेंबर २०२३ मध्ये कौन्सिलनं हात वर केले, त्याची मुख्य कारणं वेगळी होती, बायकांच्या समान पगाराचे थकलेले दावे आणि फसलेली कॉम्प्युटर सिस्टिम, उगाच सगळं खेळांवर ढकलू नये. आणि शेजारच्या सँडवेल कौन्सिलकडे बघा, जी यजमान शहर नव्हतीच. त्यांनी एकच गोष्ट मागितली, पोहण्याचं ठिकाण. स्मेथिकमध्ये तलाव बांधला गेला, स्पर्धा झाल्यावर जास्तीच्या खुर्च्या काढल्या आणि २०२३ मध्ये लोकांसाठी उघडला. शेजारचं शहर मोठं, आपण त्याच्या बाजूला, मागायचं ते एकच पण नेमकं. बडोद्याला यापेक्षा जवळचं उदाहरण मला तरी सापडत नाही.

आपल्या देशातलं थोडक्यात. १९८२ च्या एशियाडनं दिल्लीला उड्डाणपूल आणि स्टेडियमं दिली. १९९४ च्या नॅशनल गेम्समुळे पुण्याला बालेवाडी मिळाली, २००८ चे कॉमनवेल्थ यूथ गेम्स तिथेच झाले. २०१० ला दिल्लीत खर्च आणि दिरंगाईवर कॅगचा २०११ चा अहवाल आला तो सगळ्यांना आठवतो, पण खेळांच्या आधी फेरीवाल्यांना आणि झोपडीतल्या लोकांना शहर सुंदर दिसावं म्हणून हलवलं हे लवकर विसरलं गेलं. त्यानंतर २०१४ चा फेरीवाल्यांचा कायदा आला, त्यात टाउन व्हेंडिंग कमिटी आहे आणि तिच्यात किमान ४० टक्के सदस्य फेरीवालेच असले पाहिजेत. म्हणजे उद्या मॅचच्या रस्त्यावर सेव-उसळवाल्याला उठवायचं की त्याला स्टेडियमच्या दाराशी जागा द्यायची, हे ठरवायला कॉर्पोरेशनकडे आज कायदेशीर जागा आहे. पाहुण्यांना बडोद्याची सेव-उसळ खाऊ घालायची सोडून पाकिटातले वेफर का विकायचे मला कळत नाही.

एक आमच्या भागातलं सांगतो, नाव घेत नाही. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेसाठी एका हॉलमध्ये नवीन मॅट आल्या, दिवे आले, रंग झाला. स्पर्धा झाली, आणि माझी भाची आणि तिच्या मैत्रिणी दुसऱ्या सोमवारी गेल्या तर कुलूप. चौकीदार म्हणाला, वस्तू खराब होतील म्हणून बंद ठेवायला सांगितलंय. पोरी तीन आठवडे जात राहिल्या. मग जायच्या थांबल्या. त्या वयात तीन आठवडे फार असतात हो, तेवढ्यात ट्यूशन लागते, सवय मोडते, आणि मुलींच्या बाबतीत घरचे एकदा नको म्हणाले की परत हो म्हणत नाहीत. त्यात वाईट कोणी नव्हतं, फक्त स्पर्धेनंतर हॉल किती ते किती वाजता कोणासाठी उघडा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि लिहिलेलं नसलं की चौकीदार बिचारा कुलूपच लावणार.

म्हणून कॉर्पोरेशनकडे मागायचं तर मोठं स्टेडियम मागू नये असं माझं मत. प्रत्येक वॉर्डातल्या एका म्युनिसिपल शाळेचं मैदान शाळा सुटल्यावर दिव्यांसकट उघडं, मुलींसाठी ठरलेली वेळ, तिथेच चालू असलेलं संडास-बाथरूम, आणि सामान्य माणसाला परवडेल अशी पोहण्याची फी. सराव करायला परदेशी संघ कदाचित बडोद्यात उतरतील, उतरले तर त्यांच्यासाठी दुरुस्त होणारी प्रत्येक जागा पुढची दहा वर्षं कोणासाठी, किती तास, किती पैशात, हे त्याच टेंडरमध्ये. जुन्या तालमींना, आखाड्यांना यात सामील करून घ्यावं, मल्लखांबाचे उस्ताद आहेत अजून शहरात. आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घराघरात शिरलं ते आपण पाहिलंय, तर नवीन मैदान नदीच्या पाण्याची वाट अडवून होणार नाही हेही आधीच बघावं लागेल.

हे सगळं जिथे लिहिलं जातं तो कागद म्हणजे कॉर्पोरेशनचं बजेट. दरवर्षी साधारण जानेवारीच्या शेवटी कमिशनर ते मसुदा स्थायी समितीपुढे ठेवतात, मग फेब्रुवारीत सभेत चर्चा. आपल्या वॉर्डाच्या मैदानाची ओळ त्यात आहे का, असेल तर देखभालीला किती आणि बांधकामाला किती, हे नगरसेवकाला विचारायला त्या दोन आठवड्यांतच जावं लागतं. यंदा आम्ही ओट्यावरचे सात-आठ जण जाणार आहोत, भाची पण येते म्हणालीये, ती आता कॉलेजात आहे.