नव्या प्रकल्पात घर घेताना स्वतःचा एजंट नेमणे: गोव्यातील पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

नव्या प्रकल्पात फ्लॅट किंवा व्हिला पाहायला गेलेल्या ग्राहकाला नमुना सदनिका दाखवणारी व्यक्ती बिल्डरची नोकर असते, आणि ग्राहकाला तिथपर्यंत नेणाऱ्या दलालाची दलालीही सहसा बिल्डरच देतो. त्यामुळे दर ठरवताना, ताब्याची तारीख लिहून घेताना किंवा पार्किंगचा विषय निघाल्यावर ग्राहकाच्या बाजूने बोलणारे तिथे कोणीच नसते. ही उणीव स्वतःचा एजंट नेमून भरून काढता येते. मात्र तो खरोखर आपल्याच बाजूचा राहावा यासाठी त्याची नोंदणी, त्याच्याशी लेखी करार आणि त्याचा मोबदला या गोष्टी साइटवर पाऊल ठेवण्यापूर्वीच पक्क्या करणे आवश्यक आहे.

कायद्यात ‘ग्राहकाचा एजंट’ असा निराळा परवाना नाही. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ म्हणजेच रेरा कायद्याच्या कलम ९ नुसार नोंदणीकृत प्रकल्पातील खरेदी-विक्रीत मध्यस्थी करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कोणाच्याही वतीने काम करीत असो, राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. ही नोंदणी त्या त्या राज्यापुरती असते. मुंबई-पुण्यातील अनेक एजंट गोव्यातील घरे विकतात, परंतु केवळ महारेराचा, म्हणजे महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाचा क्रमांक गोव्यात पुरेसा नाही, हे इथे आवर्जून सांगावेसे वाटते. गोवा रेराच्या संकेतस्थळावर एजंटाचा क्रमांक एजीजीओ या अक्षरांनी आणि प्रकल्पाचा पीआरजीओ या अक्षरांनी सुरू झालेला दिसतो. एजंटाने दिलेला क्रमांक तिथे स्वतः शोधावा आणि नाव व नोंदणीची मुदत जुळते का ते पाहावे. नोंदणी नसताना मध्यस्थी करणाऱ्याला दररोज १०,००० रुपये, आणि एकूण त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नाही किंवा ज्यात सदनिका आठपेक्षा अधिक नाहीत, त्याला रेरा नोंदणीची सक्ती नाही. बार्देश आणि पेडण्यातील गावांत चार-पाच व्हिलांच्या छोट्या योजना पुष्कळ दिसतात. तिथे या कायद्याचे संरक्षण गृहीत धरता येत नाही, म्हणून एजंटाशी केलेला करार आणि वकिलाची तपासणी यांवरच अधिक भर द्यावा लागतो.

एजंटाशी करायचा करार मुद्रांक कागदावर करावा. त्यात त्याचा नोंदणी क्रमांक, कामाची व्याप्ती, कराराची मुदत आणि मोबदला स्पष्ट लिहावा. या व्यवहारात बिल्डरकडून तो कोणत्याही स्वरूपात दलाली घेणार नाही, किंवा घेतल्यास ती रक्कम ग्राहकाला कळवून ठरलेल्या मोबदल्यातून वजा करील, हे वाक्य करारात असलेच पाहिजे. माझ्या मते संपूर्ण करारात याहून महत्त्वाचे कलम दुसरे नाही. अनेक बिल्डर पहिल्या भेटीच्या वेळीच ग्राहक कोणामार्फत आला याची नोंद करतात आणि एकट्याने आलेल्या ग्राहकाच्या बाबतीत नंतर एजंट मान्य करीत नाहीत. म्हणून पहिली भेट त्याच्यासोबतच द्यावी, आणि भेटीच्या नोंदवहीत त्याचे नाव लिहिल्याची खात्री करावी.

बुकिंगच्या वेळी ग्राहकाला जी माहिती आणि कागदपत्रे मिळण्याचा हक्क आहे, ती मिळवून देणे हे कलम १० नुसार एजंटाचे कर्तव्य आहे. गोव्यात या कागदांत जमिनीचा एक-चौदाचा उतारा (कब्जेदार, कूळ आदींची नोंद असलेला), शहरी भागात त्याऐवजी फॉर्म डी, बिगरशेतीची सनद, नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, पंचायतीचा किंवा पालिकेचा बांधकाम परवाना आणि उपनिबंधक कार्यालयातील बोजाविषयक दाखला यांचा समावेश असावा. एक-चौदावर कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) म्हणून कोणाचे नाव आहे का, हे बारकाईने वाचावे. जमीनमालक विवाहित असेल तर गोव्यातील नागरी कायद्याप्रमाणे विक्रीला पती-पत्नी दोघांची संमती लागते. मालक मयत असल्यास वारसांची इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेच्या वाटणीची न्यायालयीन प्रक्रिया, पूर्ण झाली आहे का, हेही विचारावे. मालकीहक्काचा अंतिम अभिप्राय मात्र वकिलाकडूनच घ्यावा, कारण ते एजंटाचे काम नव्हे.

नोंदणीकृत विक्री करार होण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. करारातील क्षेत्रफळ कार्पेट एरियात असावे. त्यात आतील भिंती धरल्या जातात, पण बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरली जात नाही. जाहिरातीत सुपर बिल्ट-अपचा, म्हणजे भिंती आणि सामाईक जागेचा वाटा धरून फुगलेला आकडा देण्याची पद्धत असल्याने दोन प्रकल्पांच्या दरांची तुलना कार्पेट एरियावरच एजंटाकडून करून घ्यावी. व्यवहार ५० लाख रुपये किंवा त्याहून अधिक असेल आणि विक्रेता भारतातील रहिवासी असेल, तर विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस (आयकर) कापून भरण्याची जबाबदारी ग्राहकाची असते.

आखातात किंवा जहाजावर नोकरी करणाऱ्या गोमंतकीयांना करारनोंदणीसाठी हजर राहणे शक्य नसते. त्यांनी मुखत्यारपत्र परदेशातील भारतीय दूतावासातील अधिकाऱ्यासमोर किंवा नोटरीसमोर करावे, आणि ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. हे मुखत्यारपत्र एजंटाच्या नावे न करता घरातील विश्वासू व्यक्तीच्या नावे करावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. एजंटाकडे वाटाघाटीचे काम असावे. सही आणि पैसे यांचा अधिकार त्याच्या हाती देऊ नये. अनिवासी भारतीयांनी रक्कम बँकेमार्फत, आपल्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातूनच द्यावी.

ताबा घेण्यापूर्वी पंचायतीचे किंवा पालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र पाहावे आणि एजंटासोबत घरात फिरून दोषांची यादी करावी. पहिल्या पावसाळ्यात गळती दिसली तर लेखी कळवावे. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातील दोष दाखवून दिल्यास बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा, असे कलम १४ सांगते. एजंटाने खोटी माहिती दिली किंवा कागदपत्रे दडवली, तर कलम ३१ नुसार त्याच्याविरुद्धही गोवा रेराकडे तक्रार करता येते. तिच्यासोबत एजंटाशी केलेला करार, पैसे दिल्याच्या पावत्या, विक्री कराराची प्रत आणि संबंधित ईमेल व संदेश जोडावेत.